घरातलं दुसरं बीपी

देशातली आणीबाणी उठली आणि त्याच उन्हाळ्यात ती रोहण्याच्या गावंड्यांच्या घरात लागू झाली. निमित्त झालं किसनरावांच्या मोतीबिंदूचं. मुलाने, माधवने, त्यांना वर्ध्याला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. त्या डॉक्टरने डोळ्यात बॅटरी मारायच्या आधी दंडाला पट्टा बांधला, फुगवला, पारा खाली येताना बघितला आणि म्हणाला, "बाबा, आधी हे उतरवा. डोळ्याचं नंतर बघू." सकाळच्या एसटीने गेलेला शेतकरी संध्याकाळच्या एसटीने परत आला तो बीपीवाला होऊन. उतरतानाच त्यांनी पिशवी माधवच्या हातात दिली. तोवर आयुष्यात त्यांनी स्वतःची पिशवी कोणाला उचलू दिली नव्हती.

त्यांच्या बायकोला, आनंदाबाईंना, आधी वाटलं, आलंय तसं चार दिवस राहून जाईल. ते कुठलं जातंय! घरात जसा एक माणूस वाढला. त्याचं जेवण वेगळं, त्याची झोपायची वेळ वेगळी, आणि त्याच्यासमोर काय बोलायचं, काय नाही, याचे नियम वेगळे.

डॉक्टरने तीनच गोष्टी सांगितल्या होत्या. मीठ कमी, गोळ्या रोज, डोकं शांत. किसनरावांनी त्यांची वाटणी केली. मीठ कमी करायचं काम बायकोकडे दिलं. डोकं शांत ठेवायचं काम घरातल्या बाकीच्या सगळ्यांकडे दिलं. उरल्या गोळ्या, त्या मात्र त्यांनी स्वतःच्या मर्जीवर ठेवल्या. त्यातल्या एका गोळीने सारखी लघवी लागायची. आर्वीच्या बाजारात धोतर सावरत भिंत शोधत फिरणं त्यांच्या इभ्रतीला शोभणारं नव्हतं, म्हणून बाजाराच्या दिवशी ती गोळी सुटायची. बरं वाटलं की दोन्ही सुटायच्या. आणि कोणी उलट बोललं की चार दिवसांचा हिशेब एकदम चुकता व्हायचा. "जोडीनं घेतो आता," म्हणत ते तळहातावर गोळ्या ओतायचे, आणि ज्याच्यामुळे घ्याव्या लागल्या त्याच्याकडे बघत गिळायचे.

माधवला कपाशीच्या जागी संत्री लावायची होती. "माझं बीपी चढून राह्यलं," किसनराव म्हणाले, आणि संत्री राहिली. माधव नोकरीसाठी बोरगाव मेघेला बिऱ्हाड करून होता, त्याच्या बायकोला, सुधाला, शिवणक्लास काढायचा होता. शिवणक्लास राहिला. पण सगळ्यात जास्त बीपी चढायचं ते इंदिरेच्या लग्नाने. धाकटी मुलगी इंदिरा आष्टीच्या शाळेत शिकवायची, तिशी गाठत आली होती. तिथूनच जवळच्या एका सरकारी दवाखान्यात प्रेमदास नावाचा डॉक्टर होता आणि तिला त्याच्याशीच लग्न करायचं होतं. मुलगा परजातीचा. हे नुसतं अर्धं कानावर गेलं तेव्हा किसनरावांनी छातीवर हात ठेवून अंगणातच बैठक मारली होती. तेव्हापासून त्या घरात 'लग्न' हा शब्द सोवळ्यात गेला.

आनंदाबाईंनी ही सगळी वर्षं निमूट काढली. बिनमिठाचं वरण, बिनमिठाची भाजी. किसनराव ते दोन घास खाऊन सरकवायचे. टाकायचं कसं म्हणून ते आनंदाबाईंच्या ताटात यायचं, आणि ते घशाखाली उतरावं म्हणून त्यावर मिठाची चिमूट, बाजूला लिंबाचं लोणचं, वर दोन पापड. गुडघे धरले होते, त्यासाठी आर्वीच्या दुकानातल्या गुलाबी गोळ्या सकाळ-संध्याकाळ चहाबरोबर. सकाळी डोकं जड असायचं, कानात रातकिडे वाजायचे. रातकिड्यांचं त्यांना काही वाटायचं नाही. घरात नणंद जिजाबाई असताना कान वाजणं हा काही आजार नव्हता.

पण या पोळ्याला त्यांनी एक गोष्ट केली होती, जी घरात इंदिरेशिवाय कोणाला ठाऊक नव्हती. त्यांनी इंदिरेला सांगून ठेवलं होतं, "येताना त्याले घेऊन येजो."

पोळ्याच्या दिवशी दुपारी त्या चुलीसमोर वडे तळत होत्या. सुधा पुरण वाटत होती. जिजाबाई पाटावर बसून दोघींच्या चुका काढत होत्या. किसनरावांची ही थोरली बहीण नवरा गेल्यापासून माहेरीच होती, ऐंशीच्या पुढची, अंगाने काडी, आणि अख्ख्या रोहण्यात तिच्याशी भांडण जिंकलेला माणूस अजून जन्माला यायचा होता. सकाळपासून तिने दूधवाल्याला रडवलं होतं, गुरवाला परत पाठवलं होतं, आणि आता हिरव्या मिरचीच्या ठेच्याबरोबर गरम वडा खात ती सुधाच्या माहेरावर आली होती.

"तुह्या मायच्या घरी पुरण असं भरड वाटते का वो?"

"नाई आत्या. आमच्याकडे पुरण वाटताना कोणी बोलत नाई. म्हनून बारीक होते," सुधा म्हणाली.

आनंदाबाईंनी तोंडाला पदर लावला. तेवढ्यात अंगणातून इंदिरेचा आवाज आला. तिच्यामागे एक सावळा, लांबट तरुण हातात कातडी बॅग घेऊन उभा होता. चपला नेमक्या कुठे काढाव्यात याचा तो फार विचार करत होता.

"माय, हे डॉक्टर. दवाखान्याची गाडी इकडंच येऊन राह्यली होती, म्हनून..." इंदिरेने पाठ केलेलं वाक्य अर्ध्यावर सोडलं.

"या बावा, या. पोळ्याच्या दिवशी आलेला मानूस जेवल्याबिगर जात नाई आमच्या इथून," आनंदाबाई मुद्दाम ओसरीत ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाल्या.

ओसरीतल्या किसनरावांना त्यातला फक्त 'डॉक्टर' ऐकू आला. त्यांचा चेहरा उजळला. घरबसल्या डॉक्टर! त्यांनी स्वतः उठून सतरंजी झटकली, प्रेमदासला शेजारी बसवलं, आणि एखाद्याने आपला जातिवंत खोंड दाखवावा तसं आपलं बीपी दाखवायला घेतलं.

"माह्यं बीपी साधं नाई, डॉक्टर. वर्ध्याचा डॉक्टर पाहूनच भेला. म्हने, बाबा, तुमी चालून कसे आले!"

"गोळ्या कोणत्या घेता?"

"दोन हायेत. घेतो ना. लागल्या तशा घेतो."

"लागल्या तशा म्हणजे?"

"म्हनजे चढलं का घेतो."

"चढलं ते कसं कळतं तुम्हाला?"

किसनरावांना हा प्रश्न आवडला नाही. "माह्यं बीपी मले नाई कळनार?" ते म्हणाले. "घरचे बोलते ना, तवा कळते."

प्रेमदास हसला नाही. हे आनंदाबाईंनी दाराआडून बघितलं आणि तो त्यांना आवडला. त्याने बॅग उघडून यंत्र बाहेर काढलं, पट्टा किसनरावांच्या दंडाला गुंडाळला. तो बांधून होईपर्यंत किसनरावांनी रीतीप्रमाणे गाव विचारलं. भंडाऱ्याकडचं निघालं. वडील काय करायचे विचारलं. हातमागावर लुगडी विणायचे, असं त्याने सरळ सांगितलं. किसनराव जरा थांबले. आडनाव विचारलं. आडनाव ऐकून ते आणखी थांबले. कसलंसं कोडं होतं, ते त्यांना अजून सुटत नव्हतं, पण सुटत येत होतं. ते सोडवून दिलं जिजाबाईंनी.

"अरे किसन, थोच तं हाये हा! इंदिरेचा! मले पायल्या पायल्याच समजलं!"

किसनरावांनी दंडाला हिसका दिला. पट्टा अर्धवट सुटून लोंबायला लागला.

"मले मारायले आनला का याले? माह्याच घरी, माह्याच दंडाले धरून! अन हा मोजनार! ज्याच्यापायी चढलं थोच मोजनार!"

"बाबा, थोडं शांत..." माधव पुढे झाला.

"तू चूप! तुले माहीत होतं!"

माधवला खरोखरच काही माहीत नव्हतं. तो बहिणीकडे वळला. "काऊन वं इंदिरा? आजच्याच दिवशी? काही झालं बाबांले तं कोन जबाबदार?" सुधा इंदिरेच्या बाजूला जाऊन उभी राहिली होती. माधवने ते पाहिलं. आनंदाबाईंनीही पाहिलं. शिवणक्लासचं उट्टं सुधा असं फेडेल असं त्यांना वाटलं नव्हतं.

किसनराव तरातरा आत गेले. आनंदाबाई मागोमाग गेल्या, तर ते डबीतून गोळ्या हातावर घेत होते. याच्या दोन, त्याच्या दोन. सकाळपासून त्यांच्या पोटात चहाशिवाय काही नव्हतं, बैलांना नैवेद्य झाल्याशिवाय ते जेवत नसत.

"एवढ्या?"

"तुमीच मले घ्याले लावता," ते म्हणाले, आणि तांब्या तोंडाला न लावता नुसत्याच गिळून, बैल सोडून मारुतीसमोरच्या पोळ्यात उभे करायला गेले.

प्रेमदास निघायला उठला होता. आनंदाबाईंनी त्याला बसवला. "तुमी बसा. मी बोलावलं तुमाले." माधव आईकडे बघतच राहिला. जिजाबाईंचा वडा हातातच राहिला. आनंदाबाई परत चुलीकडे गेल्या. कानातले रातकिडे आता फारच जोरात होते. कढई तापली म्हणून असेल, असं त्यांनी मनाशी ठरवलं.

पोळा फुटला तसे बैल घरोघर यायला लागले. गावंड्यांची जोडी दाराशी आली. शिंगांना बेगड, पाठीवर झूल, गळ्यात घुंगरांच्या माळा. उरलेली दुपार उन्हात मारुतीसमोर उभं राहून किसनरावांचा चेहरा पांढरट पडला होता, पण बैलांचे पाय धुवायचं काम ते दुसऱ्याला देत नसत. त्यांनी वाकून एका बैलाचे पाय धुतले, दुसऱ्याचे धुतले, हळदकुंकू लावलं, आणि पुरणपोळीसाठी मागे हात पसरत झटकन उभे राहिले.

उभे राहिले आणि तसेच बैलाच्या मानेला घसरत खाली आले. बैल शहाणा, तो हलला नाही.

मग एकच गलका झाला. "चढलं! बाबांचं बीपी चढलं!" माधव ओरडला. जिजाबाई कांदा फोडायला धावल्या. कोणीतरी किसनरावांना बगलेत धरून बसतं करू बघत होतं. माधवने इंदिरेकडे बघून जे म्हटलं ते पुढे त्याला बरेच दिवस बोचत राहिलं. "झालं तुह्या मनासारखं?" सुधा आत पळाली आणि गोळ्यांची डबी घेऊन आली. "तोंडात टाका, लवकर टाका!"

"गोळी देऊ नका." प्रेमदासचा आवाज मोठा नव्हता, पण सगळे थांबले. "आणि बसवू नका. आडवे करा त्यांना."

त्याने किसनरावांना तिथेच अंगणात सपाट झोपवलं, पायांखाली सरकीच्या ढेपेचं पोतं सरकवायला लावलं, आणि पट्टा बांधला. आनंदाबाई नवऱ्याच्या उशाशी बसल्या. पारा खाली येत राहिला, आणखी खाली, त्याहून खाली. एवढा वेळ काय ऐकतोय हा, असं त्यांना झालं.

"दुपारी किती गोळ्या घेतल्या यांनी?"

"याच्या दोन, त्याच्या दोन," आनंदाबाई म्हणाल्या. "अन जेवन नाई."

प्रेमदासने मान हलवली. कपाळावर घाम होता, नाडी चालू होती. हात वर करायला लावले, हसायला लावलं. पोळ्याच्या दिवशी हसायला लावणारा डॉक्टर बघून जिजाबाईंचा कांदा फोडायचा थांबला. किसनरावांनी रागाने का होईना दोन्ही गाल सारखे ताणले. अंगावरून वारं नव्हतं गेलेलं. हळूहळू त्यांच्या ओठांवर रंग आला. डोळे उघडून त्यांनी पहिला प्रश्न विचारला.

"किती चढलं?"

त्या आवाजात भीती होती, पण थोडी आशाही होती. आनंदाबाईंना ती ओळखू आली.

"चढलं नाही, बाबा. उतरलंय. नव्वदच्याही खाली गेलं होतं."

किसनरावांचं तोंड असं झालं की जणू त्यांना भर चौकात कोणी लहान म्हणालं. "उतरलं? माह्यं?"

"या वयात अंगाला आधीसारखं चटकन सावरता येत नाही. त्यात रिकामं पोट, ऊन, पाणी नाही, लघवीची गोळी दुप्पट. वाकून एकदम उभे राहिलात, रक्त पायात राहिलं. आता कोणी आणखी एक गोळी तोंडात घातली असती तर अवघड होतं." सुधाने डबी पदराआड लपवली. "गोळी रोज घ्यायची, दोन्हींतली एकेकच, ठरल्या वेळी. बरं वाटलं म्हणून सोडायची नाही आणि राग आला म्हणून वाढवायची नाही. विसरलात तर विसरलात, दुसऱ्या दिवशी जोडीने नाही. आणि उठताना आधी बसा, मग उभे राहा."

"पन रागानं चढते ना?" किसनरावांनी जिवाच्या आकांताने विचारलं. सगळी मदार त्यावर होती.

"राग आला की सगळ्यांचंच थोडं चढतं आणि परत उतरतं. मुक्कामाला राहतं ते वेगळं. वय, मीठ, घराण्यात असणं, तंबाखू, वजन... नुसत्या रागाने बीपी झालं असतं तर..." तो बोलता बोलता थांबला, कारण जिजाबाई कांदा टाकून पुढे आल्या होत्या आणि त्यांनी आपला काडीसारखा दंड त्याच्या नाकासमोर धरला होता.

"माह्यं पाह्य."

"आत्या, काही गरज..."

"पाह्य म्हनतो ना! ऐंशी वर्सं झाले, रोज भांडतो मी. माह्यं तं आभायात गेलं असन."

प्रेमदासने मोजलं. पुन्हा मोजलं. मग त्याच्या तोंडावर त्या दिवसातलं पहिलं हसू आलं. "आत्या, वीस वर्षांच्या पोरीसारखं आहे तुमचं."

आधी सुधा फुटली. मग इंदिरा. मग माधव तोंड फिरवून खोकायला लागला. गावातल्या सगळ्यात तापट बाईचं बीपी गावात सगळ्यात चांगलं निघालं होतं, आणि अंगणात आडवे पडलेले किसनराव आकाशाकडे बघत होते. त्यांच्या हातातलं हत्यार कोणीतरी अलगद काढून घेतलं होतं. जिजाबाई मात्र चेकाळल्या. "या पोराचा हात चांगला हाये रे किसन," त्या म्हणाल्या, आणि त्या क्षणी भावाचा पक्ष सोडून पलीकडे गेल्या. त्यांना पक्ष बदलायला एवढंच लागायचं.

"माय, आता तुह्यं," इंदिरा म्हणाली.

"मले काय झालं? कढी उतू जाऊन राह्यली असन."

"सुधा पाहते कढी. बस तू."

आनंदाबाई बसल्या ते पोरीचं मन राखायला. पट्टा आवळला, सैल झाला. प्रेमदासने पट्टा पूर्ण काढला, "आई, पाच मिनिटं नुसत्या बसा, बोलू नका," म्हणाला. पुन्हा मोजलं. दुसऱ्या दंडाला मोजलं. आनंदाबाईंना वाटलं, यंत्र बिघडलं बिचाऱ्याचं.

"डोकं दुखतं?"

"सकाळी. कामाले लागलं का थांबते."

"छातीत दुखतं? दम लागतो? डोळ्यांसमोर अंधारी, हातापायाला मुंग्या, काही?"

"नाई बावा. कान वाजते. पन थे..." त्यांनी जिजाबाईंकडे बघितलं आणि वाक्य गिळलं.

"काही औषध चालू आहे?"

"मले कायचं औषध? गुडघ्याच्या गोळ्या तेवढ्या. गुलाबी."

"किती दिवस?"

"दिवस?" त्या विचार करायला लागल्या. "पोट्टी नोकरीले लागली तवापासून."

प्रेमदासने ती पुडी मागवून बघितली आणि बाजूला ठेवली. मग जेवणात काय असतं ते विचारलं. पापड आणि लोणच्यापर्यंत आल्यावर आनंदाबाईंना पाहुण्यासमोर आपलं ताट उघडं केल्याची लाज वाटायला लागली. मग त्याने सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. आईंचं बीपी दोनशेच्या वर आहे, खालचंही फार आहे, आणि हे आजचं नाही. दुखण्याच्या त्या गोळ्या रोज घेतल्या तर बीपी वाढवतात, वरून मीठ. उद्याच वर्ध्याला नेऊन लघवी, रक्त, हृदयाचा आलेख सगळं बघावं लागेल.

माधव उठला. बाबांची डबी त्याने सुधाच्या पदराखालून ओढून काढली. "मंग हे देऊ का तिले? हे बीपीचीच हाये."

"अजिबात नाही. त्यांची गोळी त्यांची. यांची मूत्रपिंडं कशी आहेत हे माहीत नसताना नाही. आणि एवढ्या वर्षांचं चढलेलं एका संध्याकाळी पाडायचं नसतं. आत्ताच बघितलंत ना, एकदम उतरलं की काय होतं. लहान गोळीपासून सुरू करतील, हळूहळू वाढवतील, दर वेळी बसून आणि उभं राहून मोजतील. त्रास वाटला, बोलणं अडखळलं, छातीत दुखलं, तर मात्र रात्र बघायची नाही. गाडी आहे माझ्याकडे."

किसनराव कोपरावर टेकून उठायला लागले, मग त्यांना आठवलं आणि ते आधी बसले. बायकोकडे बघत राहिले. चाळीस-पंचेचाळीस वर्षांच्या संसारात त्यांनी तिच्याकडे इतका वेळ बघितलं नसेल.

"पन हिले तं कधी राग येत नाई," ते म्हणाले.

"येते," आनंदाबाई म्हणाल्या. "तुमाले आवाज नाई आला."

बैल अजून दाराशी उभेच होते, पुरणपोळीची वाट बघत. आनंदाबाईंनी उठून त्यांना पुरणपोळी भरवली, आधी एकाला, मग दुसऱ्याला, आणि बैलाच्या मानेवर हात ठेवून मागे वळल्या.

"उद्या मी वर्ध्याले येतो. पन आज इंदिरेचं बोलून घ्या."

"आई," प्रेमदास घाईने म्हणाला, "हे असं नको. मी आत्ता डॉक्टर म्हणून पट्टा बांधला. तुमच्या आजारपणावर माझं लग्न ठरू नये. बाबांना नको असेल तर..."

"तुमी डॉक्टर हा, गप राहा. मी माय हावो." मग त्या नवऱ्याकडे वळल्या. "बीपीचं नाव घेऊन नाई सांगत मी. बीपी नसतं निंगालं तरी आज सांगनारच होती. म्हनून तं बोलावलं त्याले. पोरगी आपली शहानी हाये, पोरगा चांगला हाये. तुमची जात तुमच्यापाशी राहू द्या, ते कोनी घेऊन नाई जाऊन राह्यलं."

किसनरावांचा हात सवयीने छातीकडे निघाला. वाटेत थबकला. आता तिथे ठेवून उपयोग नव्हता, आणि ठेवला तरी शेजारी यंत्र घेऊन डॉक्टर बसला होता. हात त्यांनी मांडीवर आणला.

"बाबा, संत्र्याचंही बोलायचं होतं," माधव म्हणाला.

"तू चूप बस," आनंदाबाई आणि जिजाबाई एकदम म्हणाल्या.

"आधी हिचं पाहू," किसनराव पुटपुटले. "मंग तुमी काय थे करा."

याला होकार म्हणायचं की नाही, यावर ओसरीत जेवणं होईपर्यंत वाद चालला. जिजाबाई म्हणाल्या, होकारच. माधव म्हणाला, तसं नाई, स्पष्ट नाई झालं. सुधा म्हणाली, आमच्या लग्नालेही एवढंच म्हनले होते. प्रेमदासने पुरणपोळी खाल्ली, पापड बाजूला ठेवला. किसनराव त्याच्या ताटाकडे बघत होते. मग त्यांनी आनंदाबाईंच्या ताटातलं लोणचं उचललं आणि कुठे ठेवावं ते न कळून स्वतःच खाल्लं.

"बाबा!" प्रेमदास म्हणाला.

"खाल्लं. आता नाई खात," किसनराव म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दवाखान्याच्या गाडीत पुढे प्रेमदास, मागे आनंदाबाई आणि इंदिरा, आणि कोणी बोलावलेलं नसताना किसनराव. "मी येतो," एवढंच म्हणून ते चढले होते. सकाळची एकेक गोळी त्यांनी सगळ्यांना दाखवून घेतली होती. रस्ताभर कपाशीच्या वावरांकडे बघत बसले. पुलगाव मागे पडलं तेव्हा त्यांनी खिडकी लावून घेतली, हिला वारं लागते म्हणून. आनंदाबाईंना वारं आवडत होतं. पण त्यांनी काही म्हटलं नाही. मग आठवलं, आणि म्हटलं.

"उघडा ते. मले गरम होते."

किसनरावांनी उघडली.

वर्ध्याच्या मोठ्या दवाखान्यात ही गर्दी. खिडकीपाशी ओळ, ओळीत खोकणारे, कण्हणारे, पोरं काखोटीला मारलेल्या बाया. किसनराव सवयीप्रमाणे ओळीत पुढे सरकले आणि टेबलाशी पोचल्यावर स्वतःचा दंड उघडा करून उभे राहिले.

"तुम्ही पेशंट?" नर्सने मान वर न करता विचारलं.

"मी... नाई. मी बी हावो, पन आज ही."

"नाव?"

"गावंडे."

"पूर्ण नाव सांगा. बाईंचं."

किसनराव थांबले. त्यांनी मागे बघितलं. आनंदाबाई मुद्दाम भिंतीवरच्या लसीकरणाच्या चित्राकडे बघायला लागल्या. लग्नात उखाण्यासाठी पोरींनी अडवलं होतं तेव्हाही या माणसाने नाव घेतलं नव्हतं, खिशातून सुपारी काढून देऊन सुटका करून घेतली होती. पुढे 'अवं' आणि 'माधवची माय' यांत सगळा संसार निघाला. नाव कशाला लागतंय, घरातच तर असते.

"अहो बाबा, मागे ओळ आहे."

"आनंदा," ते म्हणाले.

"काय? ऐकू नाही आलं."

मागच्या माणसाने मान पुढे काढली. किसनरावांचे कान लाल झाले. त्यांनी घसा साफ केला, आणि शेतात गड्याला हाक मारावी तसं ओरडले,

"आनंदाबाई किसनराव गावंडे! रोहना!"

अख्खी ओळ वळून बघायला लागली. इंदिरेने आईचा दंड घट्ट धरला.

"बरं बरं. इकडे या, आजी, बसा," नर्स म्हणाली. तिने प्रेमदासकडे बघितलं. "आणि हे कोण? एका पेशंटबरोबर एकच माणूस."

किसनरावांनी प्रेमदासकडे पाहिलं, मागच्या ओळीकडे पाहिलं, मग टेबलावर पुढे झुकले.

"जावाई हायेत माह्ये. डॉक्टर हायेत, सरकारी. मंग जरा लवकर घेता का हिले?"

आनंदाबाईंनी पदर तोंडावर दाबून धरला. खांदे हलायला लागले. पट्टा हातात घेतलेली नर्स घाबरली. "आजी, काय होतंय? त्रास होतोय का?"

"नाई," आनंदाबाई डोळे पुसत म्हणाल्या, आणि दंड पुढे केला. "आता घ्या मोजून."